सोनी रडली नाही

तीस पोरं रडली. एकतिसावी रडली नाही.

मी देवी डॉक्टर, म्हणजे गावोगाव हिंडून पोरांच्या दंडाला देवीची लस टोचणारा सरकारी माणूस. त्या दिवशी कोलशेतला मिठागराच्या बांधावर बसलो होतो. एकाने गळा काढला की रांगेतली बाकीची पोरं टोचण्याआधीच सुरू होत. सोनी मात्र आजीच्या मांडीवर स्वस्थ. चार ओरखडे काढले तरी पापणी हलली नाही.

"लय गुणाची पोर हाय," भागाआजी म्हणाली. "हिची आय मिठावर जाते, ही दिसभर निजते."

वय आठ महिने, अंगाने तीन महिन्यांची. मी तिला उजेडाकडे धरलं. डोळ्यातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी. दवाखान्यात उमेदवारी करताना अफूची ही खूण आम्ही पाठ केली होती.

आजीने काही लपवलं नाही. कनवटीची डबी काढून दाखवली. अफू, जायफळ, गूळ घोटून केलेली बाळगोळी, मुगाएवढी, सकाळ-दुपार. घरोघर देत होते, तिनेही आपल्या लेकीला दिली होती. मी सांगितलं की अफूने मूल झोपतं, झोपलेलं मूल दूध मागत नाही, म्हणून वाळतं. आणि गोळी कधी जराशी मोठी झाली तर श्वासच थांबतो. मग डबी आजपासून बंद, असा हुकूम सोडून मी ऐटीत निघालो.

तिसऱ्या दिवशी सोनीची आई, गंगू, मला शेजारच्या गावात शोधत आली. पदरात सोनी. ओकत होती, जुलाब लागले होते, नाक गळत होतं, अंग थरथरत होतं.

"गोळीनं मरंल म्हनलास," गंगू म्हणाली. "ही तर गोळीबिगर मरते."

ती खरं बोलत होती. मला फार लाज वाटली. अंगाला अफूची सवय झाली की त्याचं तिच्यावाचून चालेनासं होतं. एकदम तोडली की असे हाल होतात. व्यसन लागायला समज यावी लागत नाही, आठ महिन्यांच्या जिवालाही लागतं. गोळी पुन्हा सुरू करून हळूहळू कमी करायला हवी होती. पण एवढंसं जोखणार कशाने?

वाट काढली भागाआजीने. सुपात दाणे घेऊन बसली. या आठवड्यात मूग, पुढच्यात मुगाची डाळ, मग तांदळाची कणी, मग मोहरी, शेवटी खसखस. दाणा समोर ठेवून तेवढीच गोळी वळायची. हात असा सराईत की मी फक्त मान डोलवत होतो. गंगू झोळी मिठागरावर नेऊ लागली. सोनी जागी झाली की काम टाकून पाजायची.

मी दर आठ दिवसांनी कोलशेतला. तिकडे खडवलीचा दौरा रखडला. सुपरिंटेंडेंट साहेबांनी ठाण्याला बोलावून घेतलं.

"पगार देवी टोचायचा, तुम्ही गोळ्या काय बघत बसलात?"

"साहेब, त्या मुलीच्या दंडावर फोड उठला नाही. म्हणजे लस लागली नाही. पुन्हा टोचायचा नियम आहे."

"किती वेळा टोचणार?"

"रडेपर्यंत, साहेब."

साहेब हसले आणि त्यांनी कागद बाजूला सारला.

खसखशीचा आठवडाही संपला. डबी रिकामी झाली. मी सोनीला मांडीवर घेतलं. गाल भरले होते. सुई लागताच तिने क्षणभर माझ्याकडे रोखून पाहिलं, आणि असा भोंगा पसरला की मिठाच्या राशीवरच्या बायका वळून बघू लागल्या. लाथ बसली ती थेट माझ्या लशीच्या कुपीला. कुपी मिठात. गंगू हसत होती आणि डोळे पुसत होती. भागाआजी सगळ्यांना सांगत सुटली, "रडली, माझी सोनी रडली!" त्या दिवशी मला जो आनंद झाला, तो पुढे बढतीतही झाला नाही.

तेव्हापासून रडणाऱ्या पोरांची मी काळजी करत नाही. गप्प बसलेलं आधी उजेडाकडे नेतो. आणि हुकूम सोडायच्या आधी आजीला विचारतो.