दोन न मानणाऱ्यांचा उपास

माझा देवावरचा विश्वास नेमका कधी उडाला, ते मला सांगता येणार नाही. कुणी फसवलं नाही, घरात काही अघटित घडलं नाही, दुकानही बरं चाललं होतं. पाटोद्यात आमचं किराणा दुकान आहे आणि घराणं लिंगायत. त्यामुळे लहानपणापासून गळ्यात चांदीच्या पेटीतलं इष्टलिंग, आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन पूजा, आणि पूजेआधी तोंडात घास नाही. हे सगळं मी करत होतो. पण तीन-चार वर्षांपासून तळहाताकडे पाहिलं की मला फक्त एक काळा, गुळगुळीत दगड दिसायचा. शेवटी न राहवून एकदा बायकोला सांगितलं. ती गहू निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "नसंल वाटत तर नसू द्या. पर पानी तापलंय, आंघुळ करा आन् पूजा उरकून घ्या." एवढ्यावर माझ्या नास्तिकपणाचा निकाल लागला.

गेल्या माघात पुतणीच्या साखरपुड्याला आम्ही दोघे बीडला निघालो. वाटेत मांजरसुंब्याला जीप थांबली, तेव्हा एका धाब्यावर चहा घेतला. तोंड धुवायला वाकलो आणि लिंगाचा दोरा तुटून पेटी हातात आली. दोरा विरलाय हे बायको महिनाभर कानीकपाळी ओरडत होती. नवा दोरा आणून तिने पर्समध्येही ठेवला होता, पण मला मुहूर्त सापडत नव्हता. पेटी रुमालात गुंडाळून बेसिनवरच्या फळीवर ठेवली, खांद्यावरच्या उपरण्याने तोंड पुसलं, आणि जीपवाल्याने हॉर्न वाजवताच तसाच पळालो.

बीडला पंगत बसली. पानात वाफाळता शिरा. आमच्यात पहिल्या घासाआधी लिंगाला हात लावून नमस्कार करतात. माझा हात सवयीने छातीकडे गेला आणि तिथे नुसता सदरा लागला. पेटी धाब्यावरच राहिली होती. लिंग हरवलं तर सापडेपर्यंत अन्नपाणी घ्यायचं नाही, असा आमचा जुना नेम आहे. हल्ली कितीजण पाळतात देव जाणे, आणि शेजारी बसलेल्या व्याह्यांना तरी काय कळणार होतं? वर मी मधुमेहाची गोळी घेऊन बसलो होतो. जेवण चुकलं की चक्कर ठरलेली. मी घास उचलला, खरंच उचलला, पण तो तोंडाशी जाईना. मग काहीतरी सबब सांगून उठलो आणि बायकोला बाजूला बोलावलं.

सगळं ऐकून तिने कमरेवर हात ठेवला. "तुमी तर मानत न्हाई ना? मग जेवा की गुमान!"

 मला फार लाज वाटली आणि भीतीही वाटली. उभा जन्म जे छातीला लागून होतं, ते मी एका फळीवर विसरून आलो होतो.  माझा चेहरा पाहून तिने पर्स उचलली आणि ती म्हणाली, "चला."

परतीच्या जीपमध्ये मला घाम सुटला, हात थरथरू लागले. तिने साखरेची पुडी काढली. मी मान हलवली. "लई हट्टी हाव तुमी," ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मानणाऱ्यानं बी एवढं केलं नसतं!" मी डोळे मिटले. आता माझ्या हातात काही नाही, एवढंच मनात म्हणालो. ते कुणाला म्हणालो, ते मला अजून ठाऊक नाही.

धाब्यावर पोचलो, तर फळी रिकामी. मी वाकून बेसिनखाली चाचपू लागलो. तेवढ्यात तव्यामागून धाबेवाला आला. "पेटीवाले काका तुमीच का?" त्याने हात धुतले आणि वरच्या कपाटातलं झाकलेलं ताट काढलं. त्यात स्वच्छ फडक्यावर माझी पेटी होती.

"काका, जेवलाव का तुमी?"

"नाही."

"वाटलंच मला. म्या बी न्हाई."

 तो जरा ओशाळून म्हणाला, "आमच्या शेजारी तुमच्यातलीच एक म्हातारी हुती. तिचं लिंग हिरीत पडलं, तर दोन दिस उपाशी बसली. तवा माझ्या मायनं बी चूल पेटवली न्हाई. सकाळी ही पेटी घावली, तवाच कळलं की कुणीतरी उपाशी फिरायलंय. मग मला घास कसा जावा?"

"म्हंजी शंकरच भेटला की हो आमाला!" बायको हात जोडून म्हणाली.

"मला कावून देवात वढता, काकू? म्या देव-बिव काई मानत न्हाई."

"हे बी न्हाई मानत," माझ्याकडे बोट करत ती म्हणाली. "बसा आता, दोघं बी जेवा!"

त्या माणसाला इतकं हसू आलं की त्याला खुर्चीला धरावं लागलं. मीही थरथरत्या अंगाने हसलो. मग त्याने एक बाज झटकून दिली, तांब्याभर पाणी आणलं. बायकोने नवा दोरा ओवला, पर्समधलं भस्म माझ्या कपाळाला लावलं. मी हातपाय धुऊन पूजा केली आणि तो आणि मी समोरासमोर बसून शेवभाजी-भाकरीवर तुटून पडलो. तसं जेवण मी पुन्हा जेवलो नाही.

देव आहे का, हे मला आजही सांगता येत नाही. कुणाच्या स्वाधीन व्हायचं हे कळल्याशिवाय शरण जाता येत नाही, असं मला वाटायचं; त्या दिवशी ते न कळताच मी शरण गेलो आणि कुणीतरी मला सांभाळलं. याचं ऋण मी मानतो. सकाळी तळहातावर अजूनही तो काळा, गुळगुळीत दगडच दिसतो. पण पूजा झाली की मी डोळे मिटून, मांजरसुंब्याचा तो माणूस आज जेवला असेल ना, एवढं विचारतो, आणि मगच पहिला घास घेतो.