अकरा जुड्यांची झोप

आधी अक्कांचं सांगते, मग माझं. सोलापुरात ज्यांच्या मागच्या खोलीत मी भाड्यानं राहते, त्या अक्का. घरात तेलुगू बोलतात, माझ्याशी मराठी. दिवसभर माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी बसून, मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. त्या नसत्या तर माझं काम गेलं असतं. कदाचित एखाद्याचा जीवही.

मी चंद्रपूरकडची. उन्हाळ्यात आईसोबत तेंदूपत्ता तोडायला जायची, सातवीनंतर गेली ती परत वर्गात बसलीच नाही. अक्कांच्या सुपातल्या ओल्या पानांचा वास आला की अजून घर आठवतं. आता जुळे सोलापूर भागात एका फ्लॅटमध्ये, अर्धांग झालेल्या आजोबांजवळ रात्रपाळी करते. सकाळी आठला सुटायचं, खोलीवर येऊन झोपायचं. झोपायचं म्हणजे नुसतं पडायचं, पत्र्याकडं बघत.

एका पहाटे खुर्चीवरच माझा डोळा लागला. जाग आली तर आजोबा पलंगाच्या अगदी कडेला, एक पाय खाली लोंबतोय. पडले नाहीत. पण दारात त्यांची सून उभी होती. वहिनी ओरडल्या नाहीत, तेच जास्त लागलं. म्हणाल्या, "पुण्याला झोपेच्या एक डॉक्टर आहेत, फोनवर तपासतात. त्यांच्याशी बोल. पुन्हा असं झालं तर मला दुसरी बाई बघावी लागेल."

डॉक्टरबाई फोनवर दिसल्या. दोन आठवडे वहीत लिहा म्हणाल्या, कधी पडलात, कधी झोप लागली, कितीदा उठलात. पानाचा फोटो पाठवायचा. मी रोज लिहिलं, सात तास. खरं लिहिलं तर वहिनींपर्यंत जाईल, ही धास्ती. आणि आमच्याकडं डॉक्टरला बरं आहे असंच सांगतात. नाहीतर सुई टोचतो.

दुसऱ्या वेळी त्यांनी विचारलं, "रोज बरोबर सातच तास?"

"हो जी. पडल्या पडल्या लागते जी."

उंबऱ्यावरून अक्कांचा आवाज आला. "काय जी जी करती गं! बाई, खोटं हाय ते. काल अकरा जुड्या झोपली ही."

"अकरा काय?"

मी ओढणीत तोंड लपवलं. अक्का हातातली जुडी घेऊन फोनसमोर आल्या. पंचवीस विड्या, दोऱ्यानं बांधलेल्या. "हिची खाट करकरायची थांबली की मी मोजती. आठ झाल्या, उठली, पाणी पिली. मग तीन. संपलं. अशानं रस्त्यात पडंल की ही कुटंतरी."

"एका जुडीला किती वेळ लागतो, अक्का?"

"हात चालला तर पाव तास."

"म्हणजे पावणेतीन तास." डॉक्टरबाई हसल्या नाहीत. माझी धास्ती ओळखून म्हणाल्या, "तुमचं माझं बोलणं वहिनींकडं जाणार नाही. पण खरंच कळलं नाही तर मी उपचार कशावर करू?"

गोळी दिली नाही. रात्री दोननंतर चहा बंद. सकाळी येताना डोळ्यांत ऊन जाऊ नये म्हणून काळा चष्मा लावायचा, थेट घरी यायचं. खिडकीला जाड चादर. संध्याकाळी कामावर जायच्या आधी एक छोटी डुलकी. "आणि पडून दोन जुड्या झाल्या तरी झोप आली नाही, तर उठून अक्कांजवळ बसा. डोळे जडावले की परत आत."

तशी मी कितीदा तरी बसले. अक्का बोलायच्या नाहीत, नुसती पानं कापायच्या. एकदा भाजीवाला ओरडत आला, तर त्याच्यावरच धावल्या.

"गप रे! आत माणूस झोपलंय."

"दिवसा? राणी हाय का कोण?"

"राणीच हाय. रातच्याला तू येतो का म्हाताऱ्याला बघाया?"

एकदम काही झालं नाही. चौदा जुड्या, मग नऊ, मग सोळा. अजूनही अंग शिणलेलंच असतं. पण खुर्चीवर डोळा लागला नाही परत. आजोबा कूस बदलायला लागले की मी आधी उठते. वहिनींनी दुसरी बाई बघितली नाही.

अक्का मात्र दुपारी कधी आडव्या झालेल्या मी पाहिल्या नाहीत. मान डुलते, हात चालूच. एक दिवस ते सूप मी माझ्या मांडीवर घेणार आहे. पानं तोडलीत मी, वळायलाही शिकेन. अक्कांना माझ्या खाटेवर निजवीन, भाजीवाल्याला गप्प करीन, आणि बाहेर बसून मोजीन. वीस जुड्या होईस्तोवर उठवणार नाही.