काळा फ्रॉक आणि पॉपकॉर्नचं बोरन्हाण

हलव्याला चांगला काटा यायचा तर हवा थंड आणि कोरडी लागते. अमेरिकेतल्या नेपरव्हिलला दोन्ही होतं. बाहेर गुडघाभर बर्फ, आणि घरात हीटरमुळे ओठ फुटावेत इतकी कोरडी हवा. तीन दिवस मी ताईंच्या विजेच्या शेगडीवर परात ठेवून तिळावर चमचा-चमचा पाक सोडत होते आणि बोटांनी फिरवत होते. बोटं भाजली. पण काटा असा आला की आमच्या गावात कुणाला तसा कधी आला नसेल. ताईंच्या दोन्ही मुली शेगडीपाशी उड्या मारत होत्या.

"मावशी, जस्ट वन, प्लीज!"

"एकसुद्धा नाही. बाळाचे दागिने आहेत."

ते बाळ माझं होतं. म्हणजे मी जन्माला घातलेलं.

ऐंशी साल उलटून तीन-चार वर्षं झाली होती. ताईंनी मला मुली सांभाळायला देशातून आणलं होतं. मी चौथी शिकलेली, नवऱ्यानं टाकलेली, चौतीस वर्षांची बाई. अमेरिकेत आल्यावर एका माणसानं मला लग्नाचं वचन देऊन फसवलं, असं लोक म्हणत. मी काही कुक्कुलं बाळ नव्हते, मला सगळं कळत होतं. दिवस राहिले आणि तो निघून गेला. ताईंच्या घरातल्या एका खोलीत, त्यांच्या जिवावर मूल वाढवायचं माझ्या मनात नव्हतं. एका एजन्सीतर्फे मी मुलगी एका अमेरिकन जोडप्याला दत्तक दिली. दोघंही शाळेत शिकवायचे. दत्तकाची ही तऱ्हा तेव्हा नवीन होती. दर महिन्याला पत्र आणि फोटो, वर्षातून दोनदा भेट. पण भेट "सगळ्यांना ठीक वाटलं तरच". हे वाक्य ताईंनी मला दोनदा वाचून दाखवलं होतं.

एजन्सीची बाई दर वेळी फोनवर विचारायची, आता कसं वाटतंय? काय सांगणार? आठ दिवस दूध येत होतं, तेव्हा छातीला घट्ट फडकं बांधून मी भांडी घासली. रडलेही. मग पहिला फोटो आला. कपाळ माझं, गाल टम्म फुगलेले. त्यानंतर रडायला सुचलंच नाही. पोस्टाची गाडी वळणावर दिसली की मी चपला न घालता दारात जायचे. पाकीट फोडून फोटो मी घ्यायचे आणि इंग्रजी पत्र ताईंसाठी ठेवायचे. त्या बाईला मी दु:खी हवी होते. मी तर जत्रेला निघालेल्या पोरीसारखी झाले होते.

मुलगी नऊ महिन्यांची झाली आणि पहिली भेट जानेवारीत ठरली. मी हट्ट धरला, संक्रांत आहे, तिचं बोरन्हाण करणार. ताईंनी त्या जोडप्याला फोनवर एवढंच सांगितलं की मुलाच्या डोक्यावरून खाऊ ओततात. त्यांना गंमत वाटली, ते हो म्हणाले.

मग मी चूक केली. फोटोवरून माप धरून काळ्या कापडाचा, पांढऱ्या ठिपक्यांचा फ्रॉक शिवला आणि आधी पोस्टानं पाठवून दिला, म्हणजे त्या दिवशी मुलगी तयार असेल. चिठ्ठी घातली नाही. इंग्रजी येत नव्हतं, आणि संक्रांतीला काळं घालतात हे सांगायला कशाला हवं, असंही वाटलं.

चार दिवसांनी एजन्सीचा फोन आला. ताईंनी ऐकून घेतलं आणि फोनवर हात ठेवून माझ्याकडे पाहिलं.

"मावशी, तुम्ही बाळाला काळा फ्रॉक पाठवलात?"

"हो. बसला का?"

"बसला कसला! ती आई घाबरलीय. इथे काळं मयताला घालतात. तुम्हाला मूल गेल्यासारखं वाटतंय, असं त्यांना वाटतंय. तुम्ही सावरेपर्यंत भेट पुढे ढकलायची म्हणतात."

"किती पुढे?"

"ते सांगत नाहीत."

परातीत हलवा तयार, अर्धा मुकुट बांधून झालेला. मग संताप आला.

"त्या आईलाच फोन लावा. मी बोलते ते जसंच्या तसं सांगा."

"भांडू नका हं."

"सांगा तिला. आमच्याकडे पांढरं अशुभ. तिच्या लग्नाचा फोटो पत्रातून आला होता. नखशिखांत पांढरी होती. मी म्हटलं का, की ही कुणाच्या मयताला चाललीय?"

ताईंनी कपाळावर हात मारला, पण सांगितलं. मी फोनची वायर बोटाला गुंडाळत उभी राहिले. मग ती बाई हसायला लागली. इतकी हसली की मला लांबून ऐकू आलं. ताईंनी मग काळ्यानं ऊब राहते वगैरे सगळं समजावलं. भेट राहिली.

त्या रविवारी ताईंनी तासभर गाडी चालवली. त्यांच्या मुली मागे दागिन्यांचा डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या. बोरं मिळाली नव्हती. आम्ही पॉपकॉर्न, बेदाणे आणि तिथली आंबट लाल फळं नेली. दार उघडलं तर काळा फ्रॉक घातलेली मुलगी आईच्या कडेवर. फ्रॉक अगदी मापात. मी हात पुढे केले. आली, आणि तिनं असं भोकाड पसरलं की शेजारी ऐकायला गेलं असेल. आईकडे परत दिली तशी गप्प. मला राग आला, खोटं कशाला बोलू? पण दागिने घालायचे होते, रागाला वेळ नव्हता.

मुकुट, हार, बाजूबंद, कमरपट्टा. पाटावर बसवली. निरांजन लावलं.

ताई हळूच म्हणाल्या, "मी ओवाळू का?"

"आईनं ओवाळायचं," मी म्हटलं आणि तबक त्या बाईच्या हातात दिलं. ती उलटं फिरवायला लागली, तेव्हा मी तिचं मनगट धरून सुलटं फिरवलं.

मग सगळ्यांनी मिळून ओतलं. ताईंच्या मुली आणि शेजारची दोन पोरं पॉपकॉर्नवर तुटून पडली. बाप गुडघ्यांवर रांगत मुलीच्या तोंडातून एकेक लाही काढत होता. ती मात्र हातातला बाजूबंद चाटत होती. गोड लागल्यावर तिनं माझ्याकडे पाहिलं, डबा माझ्यापाशी होता ना, आणि दोन्ही हात पसरले. हलव्यासाठी, माझ्यासाठी नव्हे. मला तेवढं पुरलं. चांगली पाव तास मांडीवर बसली, माझी साडी चिकट करून ठेवली.

निघताना मी ताईंना म्हटलं, "त्यांना सांगा, बोरन्हाण पाच वर्षांची होईपर्यंत दर संक्रांतीला करतात."

ताईंनी सांगितलं. ती बाई म्हणाली, मग पुढच्या वर्षी बोरं शोधायला आत्तापासून लागते.

गाडीत ताई म्हणाल्या, "आमच्याकडे एकदाच करतात हो."

"आमच्याकडे पाच वर्षं."

"खरंच?"

"ताई, वाटेत ते कापडाचं दुकान आहे ना, तिथे गाडी थांबवा. पुढच्या वर्षी फ्रॉक बराच मोठा लागेल."