मगबाई

फोन आला तेव्हा मी दारापुढच्या ओट्यावर मेथी निवडत बसले होते. नंबर रूथचा होता, म्हणून उचलल्या उचलल्या म्हणाले, "अगं, येतेय मी रविवारी, किती वेळा विचारशील?" पलीकडून रूथ बोलली नाही. तिची पुतणी बोलली, सुट्टीला नाशिकहून आलेली. "मावशी, आत्या गेली... पहाटे झोपेतच." मी हातातली जुडी खाली ठेवली आणि म्हणाले, "मग?" त्या पोरीला वाटलं असेल, या बाईचं डोकं ठिकाणावर नाही. तिला काय माहीत, की तो शब्द माझा नव्हताच. इतकी वर्षं रूथबरोबर राहून तो माझ्या तोंडात येऊन बसला होता, आणि नेमका त्या वेळी बाहेर पडला.

रूथ साळवे आमच्या कोल्हारच्या शाळेत भूगोल शिकवायची, मी मराठी. ती मूळची नगरजवळच्या भिंगारची. नोकरीला आली तेव्हा आमच्या घरामागची खोली तिनं भाड्यानं घेतली, आणि शनिवारी दुपारी शाळा सुटली की एसटीनं घरी जायची. पुढे माझे यजमान गेले. अभिजित, माझा मुलगा, शिकायला पुण्याला गेला. मग दोन घरांत दोन बायकांनी दोन चुली कशाला पेटवायच्या, असं म्हणून ती संध्याकाळी माझ्याकडेच जेवायला लागली. तिला भाकरी थापता यायची नाही. नकाशा काढायला सांग, म्हणायची, भाकरीचं नाव काढू नकोस. तरी थापायची, आणि तिची प्रत्येक भाकरी कुठल्या ना कुठल्या देशासारखी व्हायची. कधी श्रीलंका, कधी इटली. आम्ही खायचो.

दहावीच्या मुलांना व्यवसाय मार्गदर्शन करायला शाळेतल्या एका शिक्षकानं पुण्याला प्रशिक्षणाला जावं, असं पत्र आलं, तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांनी एकदम माना खाली घातल्या. कुणाचं लग्नकार्य, कुणाची ऊसतोड, कुणाची सासू आजारी. "साळवे बाईंना पाठवा, त्यांना काय संसार नाही," असं एक सर म्हणाले. म्हणाले म्हणजे अगदी तिच्यासमोर म्हणाले. रूथ म्हणाली, "खरंय, जाते." रात्री तिनं थापलेली भाकरी मात्र चक्क गोल झाली होती.

पुण्याहून ती गुंडाळी केलेले तक्ते घेऊन आली. दहावीनंतर काय, बारावीनंतर काय, या कोर्सला हे विषय, त्या कोर्सला ते. नकाशांच्या खोलीत तिनं ते टांगले, आणि एकेका मुलाला बोलावून शिकून आल्याप्रमाणे माहिती सांगायला लागली. मुलं माना डोलवायची आणि बाहेर जाऊन एकमेकांना म्हणायची, झालं बाबा एकदाचं. हे चार-सहा महिने चाललं. मग एक दिवस ती माझ्याकडे येऊन म्हणाली, "विमल, ही पोरं मला त्यांच्या बापाचं उत्तर सांगतात गं. बापही दुसऱ्या कुणाचं तरी सांगतो. त्यांचं स्वतःचं कुठेतरी खाली असेल ना?" तिथून तिचं ते सुरू झालं. समोरासमोर खुर्च्या असायच्या, त्या तिनं शेजारी शेजारी मांडल्या, खिडकीकडे तोंड करून. मुलाला विचारायची, "काय व्हायचंय?" तो म्हणायचा, डॉक्टर. ती म्हणायची, "मग?" तो म्हणायचा, मग दवाखाना टाकीन. "मग?" मग बंगला. "मग?" मग... मग... असं करता करता पोरगं कधीतरी थांबायचं, खिडकीबाहेर बघायचं आणि म्हणायचं, "माहीत नाही, बाई." त्या क्षणाला रूथचा चेहरा असा खुलायचा, की जणू बोर्डात पहिलं आलं ते पोरगं. खुर्ची थोडी जवळ ओढायची आणि म्हणायची, "हां. आता बोलू."

मुलांनी तिचं नाव मगबाई ठेवलं. तिला ते पहिल्याच आठवड्यात कळलं, आणि तिला ते फार आवडलं, पण तोंडावर मात्र ती रागावल्यासारखं करायची.

सगळ्यांनाच ते मानवत होतं असं नाही. पालक चिडायचे. मार्गदर्शन करा म्हटलं तर बाई उलट आम्हालाच कोड्यात टाकतात, अशी तक्रार मुख्याध्यापकांकडे जायची. एका मुलीचे वडील मला आठवतात. टेम्पो चालवायचे, अंगानं धिप्पाड. मी काही नकाशे परत ठेवायला त्या खोलीत गेले होते, म्हणून सगळं ऐकलं. ते म्हणाले, "बाई, पोरगी हुशार हाय. डाक्टर करायची हाय तिला. काय काय लागतं तेवढं सांगा." रूथ म्हणाली, "सांगते. मग?" "मग काय? गावात नाव व्हईल." "मग?" "मग चांगलं स्थळ यील. पुन्या-मुंबैचं." "मग?" गृहस्थ हसले, मग हसायचे थांबले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "मग... मग ती काय आमच्यापाशी ऱ्हायची न्हाई." "म्हाईत न्हाई बाई. आमी एवढा इचारच केला न्हाई." रूथ म्हणाली, "बसा दादा. तिलाही बोलावते. आता बोलू." मुलगी आली, आणि वडिलांच्या शेजारी बसून, त्यांच्याकडे न बघता म्हणाली, की मला इंजिनं उघडायला आवडतात, तुमच्या टेम्पोचं मी दोनदा उघडलंय, तुम्हाला कळलं नाही. वडील म्हणाले, "मला वाटलंच हुतं." ती मुलगी नगरला आयटीआयला गेली आणि तिथून पुढे चाकणला, गाड्यांच्या कारखान्यात.

गेली, हे मी मुद्दाम लिहितेय. कारण सगळेच गेले. आपापलं खरं उत्तर सापडलेली मुलं काही कोल्हारात राहत नाहीत. कुणी बंगळुरूला, कुणी जहाजावर, कुणी भंडारदऱ्याच्या बाजूला हॉटेलात आचारी. रूथला मी एकदा चिडवलं, की तू गाव रिकामं करायचा मक्ता घेतलायस. ती हसली, पण नंतर म्हणाली, "खरं आहे गं. ज्याच्याशी मनापासून बोलावं, तो जातो." मला तेव्हा वाटलं, विचारावं. म्हणून विचारलंही. "आणि तू? तुला काय व्हायचं होतं?" "मला कोण विचारतंय? शिक्षिका हो म्हणाले, झाले." "मग?" मी म्हणाले. अगदी तिच्यासारखं, शेजारी बसून. ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला वाटलं आता सांगेल... आणि ती म्हणाली, "चहा गार होतोय तुझा." तिचं उत्तर मला शेवटपर्यंत कळलं नाही. आता तर ते कुणालाच कळणार नाही, आणि हे मला आजही फार लागतं.

तिच्या निरोप समारंभाची गंमत सांगते. मुख्याध्यापक नवे होते. बाईंना भेट काय द्यावी हे मुलांना विचारून या, म्हणून त्यांनी शिपाई रामभाऊंना वर्गात पाठवलं. पोरं एका सुरात म्हणाली, बाईंना 'मग' लई आवडतो. रामभाऊ सरळ बाजारात गेले आणि एक भलामोठा चिनी मातीचा मग घेऊन आले, वर गुलाबाचं लालभडक फूल. सभागृहात रूथनं खोका उघडला, मग हातात धरला, आणि सगळी शाळा हसायला लागली. रामभाऊ बिचारे गोंधळले, "पोरंच म्हनली, बाई." रूथच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, हसण्याचं की कशाचं देव जाणे. तिनं मग रामभाऊंपुढे धरला आणि विचारलं, "मग? चहा कधी?" त्यानंतर ती भिंगारला वडिलांच्या घरी राहायला गेली, एकटीच, आणि रोजचा चहा त्या मगातच प्यायची.

आमची शेवटची भेट तिथेच झाली. मीही तोवर निवृत्त झाले होते. अभिजित मागे लागला होता, की कोल्हारचं घर बंद कर आणि पुण्याला ये. मी तिला म्हणाले, "जायचं म्हणतेय." तिनं मगातला चहा फुंकला. "मग?" "मग काय, नातीला शाळेत सोडीन, आणीन." "मग?" "मग देवळात जाईन, चार बायका भेटतील." "मग?" मी वैतागून म्हणाले, "मग काय मग, मरेन." "ते सगळेच मरतात. त्याच्या आधीचं सांग." आम्ही दोघी खूप हसलो. एवढ्यात रिक्षावाला हॉर्न वाजवायला लागला, तारकपूरच्या स्टँडवरून माझी एसटी होती. पायात चपला घालता घालता मी म्हणाले, "पुढच्या रविवारी सांगते." ती दारात उभी होती, मग हातात घेऊन. म्हणाली, "सांग हं. मी वाट बघते."

त्या रविवारी मी भिंगारला गेले होते, पण तिला माती देऊन तोवर तीन दिवस झाले होते. दफनाच्या वेळी माणसं थोडी होती. शेजारची, चर्चची, आम्ही शाळेतले दोघंतिघं. प्रार्थना चालली होती आणि माझ्या पिशवीतला मोबाईल सारखा थरथरत होता. शाळेच्या ग्रुपवर मुलांचे निरोप येत होते, कुठून कुठून, जिथं जिथं तिनं पाठवलं होतं तिथून. चाकणच्या त्या मुलीला रजा मिळाली नव्हती. तिनं नंतर फोन केला आणि नुसती रडत राहिली. रविवारी रूथची पुतणी घर आवरत होती. म्हणाली, "मावशी, तुम्हाला काही हवं असेल तर घ्या." मी मग घेतला.

परवा अभिजितचा फोन आला, सामान न्यायला टेम्पो कधी पाठवू विचारायला. मी म्हणाले, "मी नाही येत रे." तो म्हणाला, "का? काय झालं? कुणी काही बोललं का? तुझ्या सुनेचं काही चुकलं का?" चांगला मुलगा आहे, त्याचा जीव तुटतो. पण 'का' विचारलं की माणूस मागे मागे जायला लागतो, कारणं शोधतो, सफाई देतो. मीही दिली काहीतरी. फोन ठेवला, चहा केला, मगात ओतला. ओट्यावर दोन पाट असतात, एक माझा, एक तिचा. शेजारी शेजारी. मी बसले, आणि मोठ्यानं बोलले. शेजारच्यांनी ऐकलं असेल तर ऐको बापडे.

"मी इथंच राहणार आहे, रूथ."

थांबले. तिला 'मग?' म्हणायला जेवढा वेळ लागायचा, तेवढाच.

"मग सकाळी उठेन, आणि कुणासाठीही डबा भरणार नाही. आयुष्यभर भरला."

पुन्हा थांबले. समोर रस्त्यावरून मनमाडकडे जाणाऱ्या गाड्या चालल्या होत्या.

"मग... मग... माहीत नाही गं."

चहा निवला. मी पाट थोडा जवळ ओढला, आणि ती 'आता बोलू' म्हणेल म्हणून बसून राहिले.