अडीच सेंटीमीटर

गिरण्यांचा संप झाला तेव्हा मी पहिलीत होते. बाबा मिलच्या साळखात्यात साच्यांवर, म्हणजे मागांवर, कापड विणत. त्यांची मिल नंतर पुन्हा धड चालू झालीच नाही. मी इलेक्ट्रॉनिक्सच्या डिप्लोमाला गेले तोवर ते लालबागच्या एका गाळ्यात डिश अँटेना बनवत होते. लोखंडी फासळ्यांवर अ‍ॅल्युमिनियमची जाळी ताणून बसवायची. साच्यावर हात तयार झालेला, त्यामुळे त्यांना ते जमलं.

माझ्या पुस्तकात रेडिओ लहरींच्या पट्ट्यांचा तक्ता होता. एल, एस, सी, एक्स, केयू. एका संध्याकाळी बाबांनी तो पाहिला.

"ए-बी-सी-डी सरळ का नाय गो?"

"दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी रडारसाठी ठेवलेली अक्षरं आहेत. शत्रूला कळू नये म्हणून."

"आमच्या कापडाक पण नंबर असायचे. बाजूच्या मिलवाल्यांका कळाक नको." त्यांनी केयूवर बोट ठेवलं. "ह्याचीच डिश मागितलीय."

एका केबलवाल्याला काही चॅनेल केयूवरून घ्यायची होती. नमुना जमला तर गाळ्याचा मालक जाळीचं काम चालू ठेवणार होता, नाहीतर पत्र्याच्या तयार डिश मागवणार होता. पत्र्याच्या डिशला जाळी ताणणारा माणूस लागत नाही. हे बाबा बोलले नाहीत.

"भोक केवढा चलात?" त्यांनी विचारलं.

आजवर ते सीच्या डिश बनवत. उपग्रहावरून येणारी सीची लहर साडेसात सेंटीमीटरची, केयूची अडीच. भोक लहरीच्या दहाव्या भागाहून मोठं नको.

"अडीच मिलिमीटरच्या आत," मी म्हटलं.

बाबांनी ट्रंकेतून घडीचं छोटं भिंग काढलं. मिलमध्ये ते कापडावर ठेवून इंचात किती धागे आहेत ते मोजत. दुसऱ्या दिवशी बाजारातून जाळीचे तुकडे आणून ते भिंगाखाली धरून बसले.

"आता जाळीत पण डाग काढा," आई म्हणाली. विणीतल्या चुकीला मिलमध्ये डाग म्हणत.

"गप रव. चेडवान हिशोब करून दिलोहा."

तक्त्याखाली आणखी एक ओळ होती. डिशचा पृष्ठभाग आपल्या आकारापासून किती ढळलेला चालतो, त्याची. केयूला जेमतेम दीड मिलिमीटर. हाताने ताणलेली जाळी दोन फासळ्यांच्या मध्ये याहून जास्त दबते, हे मी गाळ्यात पाहिलं होतं. अभ्यासातलं मला मराठीत नीट सांगता येत नाही, असं कारण मी स्वतःला दिलं. खरं म्हणजे त्यांनी तेवढंच विचारलं होतं, आणि जाळी निवडताना ते शीळ वाजवत होते. घरात ती बऱ्याच वर्षांत ऐकली नव्हती.

नमुन्याची डिश परळच्या एका गच्चीवर चढवली. मीही गेले होते. चित्र यायचं, फुटायचं, पुन्हा यायचं. बाबांनी तासभर डिश इकडेतिकडे फिरवून पाहिली. मालक टीव्हीकडे बघत म्हणाला, "पत्र्याची मागवू या," आणि खाली गेला.

"भोकां तर बरोबर होती," बाबा म्हणाले.

"भोकं बरोबर आहेत. जाळी दबलीय. दीड मिलिमीटरच्या वर नाही चालत."

"तुका ठावक होता?"

"हो."

बाबा डिशकडे वळले. खिशातून खडू काढला, तळवा जाळीवरून फिरवला आणि जिथे खळगा लागला तिथे खूण केली. मिलमध्ये कापडातल्या डागांवर अशाच खुणा करत. मी मोजत होते. चाळिसाच्या पुढे गेल्यावर त्यांनी खडू खिशात टाकला.

"मिलमध्ये कापड तपासणारो असो गप बसलो असतो तर त्येचा काम गेला असता," ते म्हणाले. आवाज चढलेला नव्हता.

ती डिश पुढे सीसाठी वापरली; सीच्या लांब लहरीला तेवढे खळगे चालतात, त्यामुळे तिच्यावर चित्र स्वच्छ आलं. नवीन जाळीच्या डिश मात्र बंद झाल्या. जुन्या दुरुस्त करायला मालक बाबांना आठवड्यातून दोन दिवस बोलवायचा.

त्यानंतर ते मला काहीही विचारत, तेव्हा माझं उत्तर पुरतं ऐकून घेत. मग म्हणत, "आणि अजून काय?"