डाव्या दारावरचा हात

ड्रायव्हर कसा आहे हे मला त्याच्या तोंडावरून कळत नाही, गाडीच्या पत्र्यावरून कळतं. मी ट्रक-टँकरच्या यार्डातला डेंटर. चेपलेला पत्रा ठोकून सरळ करायचा हे माझं काम. टिपरवाल्यांच्या गाड्या मागून चेपलेल्या असतात, कारण खडी ओतायची घाई आणि मागे बघायचा कंटाळा. लांब ट्रेलरवाले वळणावर बाजू घासून आणतात आणि दोष खांबाला देतात. टँकरवाले मात्र माझ्याकडे सहसा येत नाहीत. पाठीशी पेट्रोल घेऊन फिरणारा माणूस आपोआप शहाणा होतो.

त्यातही माझे दाजी, म्हणजे थोरल्या बहिणीचे यजमान, सगळ्यांच्या वरचे. उभ्या आयुष्यात त्यांच्या गाडीला ओरखडा नाही. यार्डाच्या मालकांनी त्यांचा फोटो फ्रेम करून आपल्या ऑफिसच्या केबिनमध्ये लावला होता. टिपरवाले चिडवायचे, "दाजी, लोक मेल्यावर भिंतीवर जातात, तुम्ही आधीच जाऊन बसलात!" दाजी हसायचे. मला ती थट्टा कधीच आवडली नाही.

एकदा दाजींचा टँकर खडा उडून फुटलेली दिव्याची काच बदलायला माझ्याकडे आला. डाव्या दारावर बाहेरून, खिडकीच्या खाली, तळहाताएवढा रंग झिजलेला दिसला. असा डाग कशाने पडतो हे आमच्या यार्डात कुणीही सांगेल. डावीकडे बसलेला क्लीनर हात बाहेर काढून दारावर मारतो. एकदा मारला की थांब, दोनदा मारला की चल. पण टँकरवरचे क्लीनर मालकांनी केव्हाच बंद केले होते. मग हा हात कुणाचा? आणि दाजींना तो लागतो कशाला?

मी चहाचा ग्लास घेऊन त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन उभा राहिलो. त्यांनी घेतला नाही. ग्लास पार गालाजवळ नेला तरी नाही.

"मेहुणे, चहा आणणार होतात ना?" समोर बघत त्यांनी विचारलं.

मी ग्लास त्यांच्या उजव्या हातात दिला. संध्याकाळी मी थेट ताईकडे गेलो. ती वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होती. मी तिचा डावा हात ओढून पालथा-उताणा करून पाहिला. तळव्याला माझ्यासारखेच घट्टे पडले होते.

"ताई, कधीपासून?"

तिने हात सोडवून घेतला. "यांना डाव्या डोळ्याने दिसेनासं झालं तेव्हापासून. मी नाक्यावर चढते, नाक्यावरच उतरते. मालकांना पत्ता नाही."

"वेड लागलंय का तुला? मागे पेट्रोल असतं!"

"म्हणून तर जाते. गाडी काढून घेतली तर हे घरात बसून मरतील रे. आणि तू कुठे बोललास तर मला भाऊ नाही असं समजेन."

मी तिला तसा शब्द दिला. रोज टँकर फाटकातून बाहेर पडला की माझा हातोडा थांबायचा आणि परत आला की पुन्हा चालू व्हायचा. त्यानंतर थोड्याच दिवसांत टँकरच्या केबिनमधून उतरताना ताईचा पाय निसटला. घोटा मोडला, पाय प्लास्टरमध्ये गेला. मला वाटलं, चला, या निमित्ताने तरी हे थांबेल.

दुसऱ्या दिवशी यार्डात येऊन बघतो तर दाजी टँकर पुसत होते. एकटेच. टँकर काठोकाठ भरलेला.

ताईला दिलेला शब्द गेला खड्ड्यात. मी मालकांच्या केबिनमध्ये घुसलो. "दाजींना डाव्या डोळ्याने दिसत नाही. आज गाडी सोडू नका."

मालकांनी आधी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांनी दाजींना आत बोलावलं आणि बोटं समोर धरली. "ही किती?"

"तीन," दाजी म्हणाले. समोरची बोटं बघायला एक डोळा पुरतो.

"टिपरवाल्याबद्दल तक्रार आणली असतीस तर ऐकली असती," मालक मला म्हणाले. "घरातली भांडणं घरात ठेवा."

दाजी बाहेर पडले. जाऊन स्टीअरिंगवर बसले. गाडीपुढे आडवं पडावं असं मनात आलं, पण डावीकडून गेलो असतो तर मी त्यांना दिसलोही नसतो. इंजिन सुरू झालं. मी हातोडा टाकला, धावत गेलो आणि डावं दार उघडून वर चढलो.

पहिल्या पंपापर्यंत सगळं नीट झालं. तिथे अर्धा माल उतरला, आणि खरी भीती तिथूनच सुरू होते. भरलेला टँकर गपगुमान असतो. अर्ध्या टँकरमधलं पेट्रोल हिंदकळतं आणि ब्रेक मारला की मागून येऊन गाडीला पुढे ढकलतं. उताराला लागलो तेव्हा डावीकडच्या गल्लीतून एक बाई सायकल हातात धरून रस्त्यावर आली. कॅरिअरवर लहान मुलगी बसलेली. दाजींचा पाय ॲक्सिलरेटरवरच होता.

मी दारावर हात मारला. एकदाच, जीव खाऊन.

दाजींनी ब्रेक दाबला. गाडी थांबली, मागून पेट्रोलचा दणका बसला आणि थांबलेली गाडी पुन्हा पुढे सरकली. मुलीची लाल रिबीन बंपरच्या खाली दिसेनाशी झाली.  मग बाईने सायकल मागे ओढली आणि रिबीन डावीकडूनच पुन्हा वर आली. बाई तोंडाला येईल ते बोलत निघून गेली.

दाजींना काहीच दिसलं नव्हतं. ते समोर बघत होते.

"मेहुणे, हात हलका पडतो तुमचा," ते शांतपणे म्हणाले. "तुमच्या ताईचा कसा ठणठणीत ऐकू येतो. उद्यापासून जरा जोरात मारा."

मागे गाड्यांची रांग लागली होती. सगळे हॉर्न वाजवत होते. उतारावर अर्धा टँकर उभा ठेवता येत नाही. मी खिडकीबाहेर हात काढला. ताईच्या हाताने झिजलेल्या जागेवर माझा तळवा बरोबर बसला.

मी दोनदा मारला.