पाणी उजव्या हाताला

माधव गेल्याची बातमी मला मोबाइलवर कळली, गुड मॉर्निंगच्या दोन गुलाबांच्या मधे. आम्हा रविवारी फिरायला जाणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. त्यावर कोणीतरी लिहिलं होतं, ‘माधवजी नहीं रहे.’ त्याखाली एकाने सवयीने हसरा चेहरा टाकला आणि मग घाईघाईने काढून टाकला. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. दोनच दिवसांपूर्वी नर्मदेच्या ग्वारीघाटावर तो माझ्या मागे चालत होता, रांगेत सगळ्यांत शेवटी... तो शेवटी का चालायचा, हे जबलपुरात फक्त मला ठाऊक आहे अशी माझी समजूत होती. या गोष्टीला आता सव्वा महिना झाला. शोकसभेत मुख्य भाषण मीच केलं. चांगलं झालं म्हणाले सगळे. ते भाषण खोटं होतं, म्हणून हे लिहायला बसलो आहे.

माधव संरक्षण खात्याच्या कारखान्यात ड्रॉइंग सेक्शनला होता. आयुष्यभर नकाशे काढले, त्यामुळे अंदाजाने काही करणं त्याला जमायचंच नाही. रविवारी कुठे जायचं ठरलं की हा शनिवारी एकटा जाऊन ती वाट चालून यायचा. कुठे सावली आहे, कुठे कुत्री अंगावर येतात, कोणत्या टपरीवरचा चहा पिण्यालायक आहे, सगळं कागदावर. मी रेल्वेतला माणूस, तोंडाने जरा सैलच. “लेका, तू दीक्षितपुऱ्यातल्या तुझ्या गच्चीवर जायचं तरी नकाशा काढशील,” असं मी त्याला सगळ्यांसमोर चिडवायचो. तो हसायचा आणि पुढे चालायचा. तेव्हा पुढे तोच असायचा. वीस वर्षं तोच पुढे होता आणि वीस वर्षांत कोणाच्या पायाला काटाही लागला नाही.

माझ्या खात्यात एकच मोठेपणा होता. मी नर्मदा परिक्रमेला निघालो होतो. निघालो होतो एवढंच खरं. सोळाव्या दिवशी तळपायाला फोड आले आणि मी बस धरून घरी आलो. पण त्या सोळा दिवसांवर मी पुढे कित्येक वर्षं बोललो. परिक्रमेत मैया नेहमी उजव्या हाताला ठेवायची, हे मी इतक्यांना इतक्या वेळा सांगितलं की घाटावर नुसतं फिरतानाही आमची मंडळी नदी उजवीकडे येईल अशाच बेताने निघायची. माझा कोण रुबाब होता त्या एका गोष्टीत!

नऊ वर्षांपूर्वी आम्ही आठजण कोकणात गेलो. बेत अर्थातच माधवचा. खाडीकाठच्या एका गावातून निघायचं आणि गोल फिरून तिथेच परत यायचं. खाडीचं तोंड पायी ओलांडलं की समुद्रकाठची लांबलचक पुळण, तिच्या वरच्या अंगाला वाळूच्या टेकड्या, मागे सुरूचं बन, मग कासवांसाठी आणि पाखरांसाठी राखलेलं वनखात्याचं जंगल, आणि शेवटी साकवावरून खाडी ओलांडून गाव. आम्ही उतरलो होतो त्या घरच्या मावशींनी माधवला बजावलं होतं, “सकाळी ओहोटी आहे, तर आधी खाडीचं तोंड उतरा. अकरा वाजले की भरती भरते, मग तिथे पाय घालू नका.” माधवने ते वहीत लिहूनही घेतलं.

सकाळी अंगणात तो आणि मी दोघेच होतो, बाकीचे आत पोहे खात होते. त्याने वाळूत काडीने वाट काढून दाखवली. मी म्हटलं, “म्हणजे समुद्र डाव्या हाताला येईल. हे बरोबर नाही. उलटं जाऊ, आधी जंगल.” तो शांतपणे म्हणाला, “अरे, परिक्रमेत नदी मधे असते आणि आपण तिच्याभोवती फिरतो. इथे मधे जमीन आहे. पाणी उजवीकडे धरलं तर प्रदक्षिणाच उलटी होते. आणि भरतीचं काय?” भरती! आम्ही नदीकाठची माणसं. पाणी एका दिशेने जातं, पावसाळ्यात चढतं, हिवाळ्यात उतरतं. ते दिवसातून दोनदा मागे फिरतं हे पुस्तकात वाचलेलं, अंगात मुरलेलं नाही. मी म्हटलं, “मैयाच्या काठी जन्म गेला आपला, आता खाडीला घाबरून राहिला का तू? मी सोळा दिवस चाललोय, माझं ऐक.” त्याने वही मिटली. का मिटली कोण जाणे... वीस वर्षांत मी हट्ट धरलेली ती पहिलीच वाट होती, म्हणून असेल.

सकाळ फार सुंदर गेली, हे सांगायला लाज वाटते. जंगलात गार होतं. टेकड्यांवर मर्यादवेलीला जांभळी फुलं आली होती आणि वाळूत पाय पोटरीपर्यंत रुतायचे. माधवची बायको, शैलावहिनी, चपला हातात घेऊन लहान मुलीसारख्या धावत उतरल्या. मग पुळण लागली, समुद्र उजव्या हाताला, आणि मी सगळ्यांत पुढे. खाडीच्या तोंडाशी पोचलो तेव्हा बारा वाजले होते. पाणी मांडीला लागेल एवढं दिसत होतं आणि समोर शंभर पावलांवर गाव. माधव म्हणाला, संध्याकाळपर्यंत थांबू. पण ऊन होतं, प्यायचं पाणी संपलं होतं, लोक कुरकुरले आणि एकेक करून शिरले. पाणी नदीसारखं बाहेर जात नव्हतं, आत घुसत होतं. वहिनींचा पाय दगडांच्या फटीत अडकला आणि धारेने त्यांना आडवं पाडलं. एका होडीवाल्याने ओढून काढलं म्हणून जीव वाचला. घोट्याचा चुरा झाला होता. त्या आजही पाय ओढत चालतात.

मावशींनी भरतीचं आधीच बजावलं होतं हे कळल्यामुळे दवाखान्याच्या ओसरीत मंडळी तापलेली होती. “उलटं जायचं काहून ठरवलं माधवजी तुम्ही? किसने बोला था?” माधवने माझ्याकडे एकदा पाहिलं. फार वेळ नाही, माणूस घड्याळ बघतो तेवढंच. मी मूग गिळून बसलो. मग तो म्हणाला, “माझी चूक झाली.” आणि त्या क्षणी मला हायसं वाटलं. हेही लिहूनच ठेवतो.

जबलपूरला आल्यावर माधववर कोणाचा भरवसा राहिला नाही. पुढच्या रविवारपासून पुढे कोण, तर मी. आयत्या बिळावर नागोबा. माधव न चुकता यायचा आणि शेवटी चालायचा. सहलींमध्ये, हळदीकुंकवात, लग्नाच्या पंगतीत तो किस्सा रंगत गेला. “अरे यार, माधवजींनी तर समुद्राला पण नर्मदामैया समजून घेतलं!” मी त्या हसण्यात सामील व्हायचो. शोकसभेतही एकाने तो सांगितला, लोक ओल्या डोळ्यांनी हसले, आणि अध्यक्षाच्या खुर्चीत बसून मीही हसलो.

त्यानंतर मात्र झोप लागेना. गेल्या रविवारी मी फिरायला गेलो नाही, दीक्षितपुऱ्यात गेलो. वहिनींनी दार उघडलं, पाय ओढत आत गेल्या, चहा ठेवला. नऊ वर्षं मी या बाईच्या हातचा चहा पीत आलो होतो. मी उभ्यानेच सगळं सांगून टाकलं. अंगण, काडी, वही, सगळं. त्यांनी गॅस बारीक केला.

“भाऊजी, बसा ना. काहून उभे राहून राहिले? मला माहीत होतं.”

“माधवने सांगितलं?”

“दवाखान्यातच. मी तर तेव्हाच चारचौघांत बोलणार होते. ह्यांनी शपथ घातली. म्हणाले, तो स्वतः सांगेल, त्याला सांगू दे.” मग त्यांनी दाराबाहेरच्या पायरीकडे पाहिलं. तिथे त्याचे फिरायचे बूट अजून तसेच होते, टाचेकडे झिजलेले, नाड्या सैल. “रविवारी आले की तिथे बसून बूट काढायचे. मी इथूनच विचारायची, आज बोलले का भाऊजी? ते म्हणायचे, नाही, पुढच्या रविवारी बोलेल. अच्छा, असं म्हणून मी चहा टाकायची.”

“शेवटच्या रविवारीसुद्धा?”

“हो. त्या दिवशी पण हेच म्हणाले.”

चहा उतू गेला. त्यांनी गॅस बंद केला, जागा पुसली आणि मला दुसरा कप करून दिला. मी तो प्यायलो. निघताना माझ्या चपला त्या बुटांना अगदी लागून होत्या. त्या घालायला मला बराच वेळ लागला.